तुम्ही विचारलंत म्हणून: हार्मोनचं इंजेक्शन चालू झालं, आता पुढे काय?

ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकच्या बाकावर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच. "प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलाय, डॉक्टरांनी हार्मोनचं इंजेक्शन लिहिलंय. आता माणूस कामातून गेला का?"

नाही गेला. पण हे इंजेक्शन कॅन्सरला आवरताना बाकीच्या शरीराकडूनही वसुली करतं. ती वसुली कमी ठेवायचं काम बरंचसं आपलंच असतं, कारण ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना एवढं समजावायला वेळ मिळत नाही.

या कॅन्सरचं खाद्य म्हणजे टेस्टोस्टेरॉन, आणि ते मुख्यतः अंडकोषात तयार होतं. ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिन ही हार्मोनची इंजेक्शनं घेतली की मेंदूकडून अंडकोषाला जाणारा हुकूम थांबतो. मात्र सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे उलटं घडतं: टेस्टोस्टेरॉन आधी उसळतं, मग खाली येतं. म्हणून टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी बायकॅल्युटामाइडची ५० मिलिग्रॅमची गोळी आधीपासून चालू करतात आणि पुढे काही आठवडे ठेवतात. "एका गोळीनं काय होतंय" म्हणत ती टाळणारे भेटतात. मणक्यात गाठ असेल तर त्या उसळीत मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, म्हणून ती टाळायची नाही. डेगॅरेलिक्स या दुसऱ्या इंजेक्शनला ही उसळी नसते. पण ते दर महिन्याला टोचावं लागतं आणि टोचलेली जागा लाल होऊन दुखते.

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त होतो. गोसेरेलिनचं ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन २८ दिवसांचं असतं, १०.८ चं १२ आठवड्यांचं. लोक "दर महिन्याच्या पाच तारखेला" असं धरून चालतात आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस उशीर करतात. टोचलेल्या दिवसापासून दिवस मोजा, पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि औषधाची मागणी त्याच्या बऱ्याच आधी द्या. क्लिनिकमध्ये औषध शिल्लक नसेल तर तसं लेखी घ्या. इंजेक्शन घरी आणायचं असेल तर खोक्यावरचं तापमान वाचा. २ ते ८ अंश लिहिलं असेल तर बर्फाच्या पिशवीतून आणा, पण फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका. गोसेरेलिनची सुई जाड असते, पोटाच्या कातडीखाली टोचतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

ज्यांचं गाव दवाखान्यापासून लांब आहे, त्यांनी अंडकोष काढायच्या शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. परिणाम तोच, खर्च कमी, तारखांची कटकट नाही. मन मानत नाही हे खरं, आणि नंतर माघारही नाही. पण डॉक्टरांनी हा पर्याय सांगितला तर ऐकून तरी घ्या.

अंगातून अचानक गरम वाफा येतात, घाम फुटतो. तिखट, गरम चहा आणि कॅन्टीनची रम यांनी त्या वाढतात. कामेच्छा जाते, ताठरता जाते. हे बायकोला पहिल्या इंजेक्शनच्या आधीच सांगा, नाहीतर ती नाराजीचा भलताच अर्थ काढते. पोट सुटतं, मांड्या वाळतात, साखर वाढते, हिमोग्लोबिन थोडं उतरतं. पूर्वीचं शेप-वन, म्हणजे लष्करातली पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी, इथे कामाला येत नाही. फौजी माणूस पहाटे पाच किलोमीटर चालतो आणि व्यायाम झाला म्हणतो. चालणं हृदयाला चांगलं. स्नायू टिकवायला मात्र वजन उचलावं लागतं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून दंड, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, आठवड्यातून निदान दोनदा. कोणत्या हाडात गाठ आहे हे स्कॅनच्या रिपोर्टवरून डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. कमरेत वाकून ओझं उचलणं बंद.

हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तेवढंच. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. हाडं जपणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन लावायची ठरली तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. हलणारा, किडलेला दात त्यापूर्वीच काढून घ्या. नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही आधी तपासतात.

ॲबिराटेरॉन (टेस्टोस्टेरॉन आणखी कमी करणारं तोंडी औषध) लिहिलं असेल तर नेहमीचा डोस २५० च्या चार गोळ्या, एकदम, उपाशीपोटी. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. दुधाचा चहासुद्धा खाण्यातच धरा. खाल्ल्यावर घेतली तर औषध रक्तात कितीतरी पट जास्त उतरतं. सोबतची प्रेडनिसोलोनची गोळी स्वतःहून बंद करू नका. बीपी, पोटॅशियम, लिव्हरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. पाय सुजले तर कळवा.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरवर नजर ठेवणारी रक्ताची तपासणी, नेहमी एकाच लॅबमध्ये करा आणि वहीत तारखेसह लिहा. सोबत टेस्टोस्टेरॉनही मागा. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं. टेस्टोस्टेरॉन खाली असूनही पीएसए पुन्हा पुन्हा चढत असेल तर उपचार बदलायची वेळ आली असं डॉक्टर समजतात. एका वाढलेल्या आकड्यावर झोप उडवू नका, आधी तपासणी परत करा.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. पाठीत नवं दुखणं, पाय लटपटणं, बधिरपणा, लघवी अडणं किंवा शौचावरचा ताबा जाणं. मज्जारज्जू दाबला जात असेल तर तासांचा हिशोब असतो. रेफरलची वाट बघू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, ईसीएचएसचं कार्ड दाखवा आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. ईसीएचएसच्या पॅनेलवर (मान्यताप्राप्त यादीत) नसलेल्या हॉस्पिटलात दाखल झालात तर हे कळवणं घरच्यांनाच करावं लागतं. म्हणून तो फोन नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवा.