चोर्ल्यात मरणारी गाडी

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. माझ्या गॅरेजातल्या स्कॅनरच्या, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनचा. त्यावर तीन ओळी: पी०१९२, पी०२३७, पी०५३२. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मीच काढला आणि पहिली ओळ वाचून मोकळा झालो. खालच्या दोन नीट वाचल्या असत्या, तर एका माणसाचे तीन महिने आणि बरेच पैसे वाचले असते.

माणूस गोव्यातल्या डिचोलीचा. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचा खनिज वाहायचा ट्रक होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक वर्षभर दारात उभा राहिला आणि शेवटी मिळेल त्या भावाला गेला. आता एक जुनी डिझेल गाडी, पिवळी पाटी, आणि भाडी बहुतेक बेळगावची. कुणाला लग्नाच्या साड्या घ्यायच्या असतात, कुणाला हॉस्पिटल गाठायचं असतं. म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा केरीवरून चोर्ला घाट ठरलेला.

आमचं बोलणं अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत होतं, इथं मराठीतच लिहितो.

"मेस्ता, गाडी चढावाला मरते," तो म्हणाला. "दुसऱ्या गिअरात दाबून चढवली की धाडकन बंद. बाजूला घेऊन पुन्हा चावी मारली की लगेच चालू. सपाटीला काही म्हणजे काही नाही."

डिझेल गाडी चढावाला मरते म्हटलं की आमच्या साखळी गावातला कुठलाही मेस्त्री डिझेल फिल्टरकडे जातो. पावसाचे दिवस, फिल्टरात पाणी असणार. मीही गेलो. फिल्टर काढला, तळाशी चमचाभरही पाणी नव्हतं. मग स्कॅनर लावला आणि वर सांगितलेल्या तीन ओळी आल्या.

पी०१९२ म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल नको तितका खाली गेला. कॉमन रेल इंजिनात हा सेन्सर म्हणजे जीव की प्राण. पंप डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून भरतो, गाडी नुसती उभी असताना तिथं अडीचशे-तीनशे बार दाब असतो, जोर लावला की हजाराच्या पुढे जातो. तो दाब किती हे कॉम्प्युटरला हा सेन्सर सांगतो. सिग्नल गेला की कॉम्प्युटर आंधळा होतो आणि बऱ्याच गाड्या जागच्या जागी इंजिन बंद करतात. गाडी बंद पडते, कोड रेल सेन्सरचा आहे, दोन्ही जुळलं. पी०२३७ टर्बोच्या बूस्ट सेन्सरचा. बंद पडताना आला असेल, म्हटलं. पी०५३२ एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर. गाडीवाल्याला विचारलं, एसी थंड करतो का? एकदम थंड, तो म्हणाला. मग तो कोड जुना असणार, असं मीच ठरवून टाकलं. सेन्सर मागवला, बसवला, कोड पुसले, ४,५०० रुपये घेतले. काढलेला सेन्सर कापडात गुंडाळून ड्रॉवरात टाकला. ही माझी खोड आहे, काढलेला पार्ट मी लगेच फेकत नाही.

पंधरा दिवस गाडी बरी चालली. नंतर कळलं की त्या पंधरा दिवसांत त्याला बेळगावचं भाडंच मिळालं नव्हतं.

पुढच्या वेळी गाडी चोर्ल्यात मेली ती चार बायका आणि एक तान्हं मूल घेऊन, धुक्यात, वळणावर. माझ्यावर चिडून तो दुसऱ्या मोठ्या गॅरेजमध्ये गेला. चिडणं बरोबरच होतं. तिथं त्यांनी इंजिनात डिझेल फवारणारे दोन इंजेक्टर बदलले. त्यांनी इंजेक्टरांची परतीची चाचणी केली का, मी त्याला नंतर विचारलं. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि कुठल्या बाटलीत जास्त डिझेल जमलं ते बघायचं. खर्च चार बाटल्यांचा. अशा बाटल्या काही बघितल्या नाहीत, तो म्हणाला. इंजेक्टर बदलूनही गाडी घाटात मेलीच. तेव्हा त्यांनी सांगितलं, कॉम्प्युटर गेला, नवा घाला, ४५,००० होतील.

आमच्या धंद्यात हा एक क्रमच ठरून गेला आहे. कोड येतो त्याचा सेन्सर बदलायचा, नाही जमलं की महागातला पार्ट, आणि सगळं संपलं की ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला. ईसीएम बिचारा पेटीत बंद, त्याची बाजू मांडणारं कोणी नसतं. मी इतक्या वर्षांत खरोखर गेलेले ईसीएम बोटांवर मोजण्याइतके पाहिले, आणि त्यातले बहुतेक पाणी शिरून गेलेले. हे सगळं मी दुसऱ्यांबद्दल लिहितोय, पण क्रमातली पहिली पायरी माझीच होती.

गणपतीची चवथ झाल्यावर तो परत आला. ईसीएमचं कोटेशन खिशात होतं. "नवा घालू की गाडीच विकू?" एवढंच विचारलं. गाडी ठेवून जा म्हटलं.

त्या रात्री जेवून झाल्यावर फोनमधले जुने फोटो चाळत होतो आणि तो फोटो समोर आला. तीन कोड. तीन वेगळे सेन्सर, इंजिनाच्या तीन वेगळ्या कोपऱ्यांत. एक डिझेल मोजतो, एक हवा, एक एसीचा गॅस. एकमेकांशी नातं काय? तिघांनाही तीन-तीन वायरी. एक अर्थिंगची, एक सिग्नलची, आणि एक ५ व्होल्टचा सप्लाय. तो सप्लाय कॉम्प्युटरमधून एकाच उगमातून निघतो आणि पुढे फाटे फुटतात. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरला दोनच वायरी, त्याला हा सप्लाय लागत नाही, आणि त्याचा कोडही नव्हता. म्हणजे सेन्सर तिन्ही धडधाकट, त्यांचा भात एकाच हांड्यातला आणि हांडाच उपडा होत होता. काही गाड्यांचा कॉम्प्युटर पी०६४२ टाकून सरळ सांगतो की सप्लाय पडला. हिचा त्यातला नव्हता. पण तीन कोड एकत्र आणून त्यानंही आपल्या परीनं सांगितलंच होतं.

झोप काही नीट लागली नाही.

सकाळी रेल सेन्सरच्या कपलरमध्ये मागून बारीक टाचणी घालून मल्टिमीटर लावला. ५.०१ व्होल्ट. इंजिन चालू, ५.०१. कपलर हलवला, वायरिंग हलवली, पाणी मारलं, ५.०१. हेल्पर पोरगा माझ्याकडे बघत होता. मग मनात आलं, ही सपाटीला कधीच मरत नाही, मग मी सपाटीवर काय शोधतोय? घाटात असं काय होतं जे इथं होत नाही? इंजिनावर जोर येतो. आणि जोर आला की आडवं बसवलेलं इंजिन आपल्या फाउंडेशनवर मागे कलतं. फाउंडेशनची रबरं म्हातारी झाली असली तर जास्तच.

पोराला गाडीत बसवलं. हँडब्रेक पूर्ण, पाय ब्रेकवर, पहिला गिअर, रेस देऊन क्लच हळूहळू सोड. गाडीसमोर कोणी उभं राहायचं नाही, हे आधी दोनदा बजावलं. इंजिन मागे झुकलं, चांगलं दोन-तीन बोटं. मीटरवर ५.०१, ५.०१, आणि एकदम ०.०४. इंजिन मेलं. पोरानं क्लच दाबला, इंजिन जागेवर आलं, मीटर पुन्हा ५.०१.

तीन महिन्यांत पहिल्यांदा ती गाडी घाटाबाहेर मेली. मी ओरडलोच. शेजारचा टायरवाला काय झालं म्हणून बघायला आला.

पुढची अडचण अशी की इंजिन सरळ झालं की शॉर्ट सुटतो, मग शोधायचा कसा? इंजिनाच्या पुढच्या कडेला खालून लाकडाचा ठोकळा घेऊन जॅक लावला आणि मीटर शून्यावर येईपर्यंत इंजिन मागे कलवून तसंच धरलं. चावी ऑन. आता शून्य हलत नव्हतं. रेल सेन्सरचा कपलर काढला, शून्यच. बूस्ट सेन्सरचा काढला, शून्य. एसीचा काढला, तरी शून्य. म्हणजे सेन्सर कुठलाच आतून शॉर्ट नव्हता, वायरच कुठेतरी बॉडीला टेकत होती. आणि पुढच्या बाजूला, इंजिनावरून बॉडीवर जाणारा फाटा एकच, एसीचा.

पोरगा खाली झोपला. उजव्या हेडलाइटच्या मागे टॉर्च मारून म्हणाला, "पात्रांव, हा बोल्ट बघा."

बंपरच्या ब्रॅकेटचा बोल्ट हवा त्यापेक्षा बोटाचं पेर लांब. वायरिंगची मूळ क्लिप तुटलेली, म्हणून कुणीतरी तो फाटा त्याच बोल्टाजवळ टाय मारून घट्ट आवळलेला. ढील अजिबात नाही. इंजिन मागे गेलं की वायर ताणायची आणि बोल्टाच्या आट्यांवर घासायची. वरचा फ्लेक्झिबल पाइप फाटून आतल्या एका वायरीचं तांबं अर्ध्या इंचभर उघडं पडलं होतं. रंग बघायचीही गरज नव्हती. तोच ५ व्होल्ट. शॉर्ट झाला की कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला तो सप्लाय दाबतो, सुटला की पुन्हा देतो. म्हणून फ्यूज कधीच उडला नाही आणि ज्याला गेला म्हणत होते तो कॉम्प्युटर मुळात फार शहाण्यासारखा वागत होता.

गाडीवाल्याला फोन केला. पुढून काही ठोकली होती का?

"ठोकली म्हणजे... जूनमध्ये गाय. पहिल्याच पावसात. रात्री रस्त्यात बसली होती."

पावसाळ्यात आमच्याकडची गुरं रात्री रस्त्यावर येऊन बसतात, कारण शेतापेक्षा डांबर कोरडं. बंपर टिंकरकडे दिला होता. त्यानं काम सुरेख केलं होतं, रंगाचा फरकही कळत नव्हता. फक्त हाताला लागला तो बोल्ट घातला. त्याला दोष द्यावा तर बाकी कुणाला देऊ नये असं थोडंच आहे? टिंकरला वायरिंगचं कळत नाही, वायरिंगवाल्याला इंजिनाचं, आणि इंजिनवाला स्कॅनरवर वाचतो तेवढंच. मी "गाडी कधी ठोकली होती का" हा प्रश्न जूनमध्ये विचारला नाही. माझे उस्ताद कार्बोरेटरच्या काळातले, त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता, म्हणून ते गिऱ्हाइकाला अर्धा तास प्रश्न विचारत. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, नवा पाइप, ढील ठेवून वेगळ्या जागी क्लिप. बोल्ट छोटा. मागचं फाउंडेशन नवीन. नवे इंजेक्टर बसवले तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे कोड कॉम्प्युटरमध्ये भरलेच नव्हते. प्रत्येक इंजेक्टरचा स्वभाव किंचित वेगळा असतो, तो त्या अक्षर-आकड्यांत लिहिलेला असतो. ते भरले आणि गाडी उभी असताना जी टकटक येत होती ती बसली. मग जुना रेल सेन्सर ड्रॉवरातून काढला. नव्याच्या जागी लावला. चावी ऑन, अर्धा व्होल्ट. इंजिन चालू, सव्वा व्होल्ट. नव्यापेक्षा तसूभरही वेगळा नाही. पाचेक मिनिटं तसाच चालू ठेवून बघत राहिलो, बिघडेल या आशेनं.

संध्याकाळी तो आला. आधी त्याला शेजारी बसवून चोर्ल्याच्या वरपर्यंत जाऊन आलो, अंजुण्याचं धरण खाली दिसेपर्यंत एकही झटका नाही. तो गप्प होता. परत येऊन बोल्ट आणि सोललेली वायर त्याच्या हातावर ठेवली. फाउंडेशनचे वेगळे आणि मजुरी १,५०० म्हणालो.

"एका वायरीचे पंधराशे?"

हे नेहमीचंच. पार्ट बदलला की लोक मुकाट्यानं पैसे देतात, कारण हातात खोका दिसतो. शोधण्याचे पैसे मागितले की भुवया वर जातात. दुसरं कुणी असतं तर मी भांडलो असतो. पण मी जुना सेन्सर काढून बोल्टाच्या शेजारी ठेवला.

"हा चांगला आहे," म्हटलं. "जूनमध्येही चांगलाच होता."

त्यानं सेन्सर उलटसुलट करून बघितला. खाणीवरचा ट्रकवाला, हिशेबाला पक्का.

"म्हणजे फाउंडेशनचे वेगळे ठेवून, साडेचार वजा दीड. तीन हजार तुमच्याकडे."

"हो."

"आणि त्यांनी काढलेले दोन इंजेक्टर?"

"ते त्यांच्याकडे. मागून बघा."

मी ड्रॉवर उघडला आणि तीन हजार त्याच्यासमोर ठेवले. त्यानं मोजले, पाचशेची एक नोट बाजूला काढून पोराला हाक मारली, ती त्याच्या वरच्या खिशात कोंबली आणि सेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवला.

"स्पेअर," म्हणाला. "उद्या पहाटे पाचला बेळगाव आहे."