लाईट गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन दीडेक महिना झाला होता. नोव्हेंबरची अखेर, दुपारी चारलाच अंधार. माझ्या घरातली वीज गेली. शेजारी राहणाऱ्या घरमालकीणबाईंचं दार वाजवलं आणि सांगितलं, 'द लाईट हॅज गॉन.' त्यांनी कपाट उघडलं आणि माझ्या हातात एक बल्ब ठेवला!

चूक त्यांची नव्हती. आम्हा कराडकरांना लाईट म्हणजे अख्खी वीज. १९६० मेगावॉटच्या प्रकल्पाचं कोयना धरण आमच्याच सातारा जिल्ह्यात, तरी लोडशेडिंगमध्ये 'लाईट कधी येणार?' विचारतच आम्ही वाढलो. इथं इंग्लंडात लाईट गेली म्हणजे फक्त दिवा गेला. वीज गेली तर 'पॉवर'.

दुसरी गंमत 'ऑन द लाईट'ची. कराडात हे बिनदिक्कत खपतं. इथं 'ऑन' हे क्रियापदच नाही, त्याच्या आधी 'टर्न', 'स्विच' नाहीतर घरगुती 'पुट' लागतो. 'टर्न ऑन द लाईट' चालतं, 'टर्न द लाईट ऑन'ही चालतं. पण लाईटच्या जागी 'इट' आला की तो मध्येच बसणार: 'टर्न इट ऑन.' 'टर्न ऑन इट' म्हटलं तर समजतं सगळ्यांना, पण दाताखाली खडा आल्यासारखं होतं. आणि आपल्या 'बंद कर'वरून 'क्लोज द लाईट' तर नकोच.

आता टर्न म्हणजे फिरवणं. बटण कोण फिरवतं? पण विजेच्या आधी इथं गॅसचे दिवे होते. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर ते १८०७ साली लागले. गॅस सोडायला तोटी फिरवावी लागायची. तोटी गेली, फिरवणं राहिलं. आपण तरी काय वेगळं करतो? वात नाही, काडी नाही, तरी लाईट 'लावतो' आणि 'घालवतो'. आजीसमोर मात्र 'विझव' म्हणायची सोय नव्हती. 'दिवा मालव म्हणावं गं,' म्हणून लगेच दटावायची.

बाथरूममध्ये तर बटणच नव्हतं. छताला एक दोरी लोंबत होती. कपडे वाळत घालायची असेल म्हणून पहिला दिवस अंधारातच आंघोळ केली. ती ओढली की टक्! ओढायची असते, तरी म्हणायचं 'टर्न'च.

हे सगळं काल आईला फोनवर रंगवून सांगत होते. बल्बापर्यंत आले तोवर ती म्हणाली, 'थांब गं, लाईट गेली. मोबाईल पण उतरलाय, ठेवते.'