करड्याचे तीन हात

परवा दुपारी हॉलच्या रिकाम्या भिंतीवर प्रोजेक्टरसाठी पडदा रंगवायचा म्हणून तिच्यासमोर मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात पुठ्ठ्याचे पाच तुकडे, पाचांवर पाच रंग. बायको चहा घेऊन आली, पाचही तुकडे निरखून बघितले आणि म्हणाली, "यातला पांढरा कुठला?"

एकही नव्हता. पाचही करडे होते.

रंगाच्या दुकानदारालाही ते पटलं नव्हतं. "पडदाच करायचाय ना? मग पांढरा घ्या की!" आता प्रोजेक्टरला काळा फेकता येत नाही, हे त्याला कसं सांगायचं? सिनेमातली रात्र म्हणजे उजेड न पडलेली भिंत, बस्स. भिंत पांढरीफेक असली आणि खिडकीच्या पडद्याच्या फटीतून जरा ऊन आलं, की अमावास्येची पहाट होते. म्हणून भिंतच थोडी काळवंडायची. त्याने निमूटपणे एक लिटर मॅट इमल्शन आणि काळ्या स्टेनरची, म्हणजे थेंबाथेंबाने मिसळायच्या घट्ट रंगाची, बाटली पुढे सरकवली.

पांढऱ्यात काळा घातला की करडा होतो, असं शाळेत शिकलो होतो. होत नाही. निळसर होतो. मग चिमूटभर पिवळी माती, मग लालाचा एक थेंब, मग तो लाल जास्त झाला म्हणून पुन्हा पांढरा. एवढं करून तो वाळला की आणखी गडद. ओल्या इमल्शनवर विश्वास ठेवू नये.

चुन्याचं उलटं असायचं. दिवाळीच्या आधी वडील चुन्याची कळी पिंपात भिजत घालायचे. ती रटरटायची, वाफ यायची, आणि आम्हा पोरांना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं जायचं. दुसऱ्या दिवशी चुना गाळून त्यात सरस आणि पुरचुंडीतली नीळ. "किती घालायची?" "अंदाजाने." कुंचला फिरला की भिंत आधीपेक्षा कळकट दिसायची. आई काळजीत पडायची, वडील मात्र शांत. दुपारपर्यंत भिंत उजळत उजळत डोळ्यांवर यायची. पांढरं दिसायला निळं घालायचं हे तेव्हा कोणाला विचित्र वाटलं नाही. मी काळं दिसायला काळं घातलं तर एवढी चौकशी!

गणपतीत गल्लीत सिनेमा असायचा तेव्हा तर रंगाच्या शेडचा प्रश्नच नव्हता. दोन बांबूंना एक चादर. आम्हाला नेहमी उशीर, त्यामुळे जागा मिळायची ती चादरीच्या पाठीमागे. तिकडून नावं उलटी दिसायची आणि सगळे नायक डावखुरे. वारा आला की नायिकेचा गाल फुगायचा. एका नटाला मी कित्येक वर्षं डावखुरा समजत होतो. पुढे थेटरात पुढून पाहिला तेव्हा जरा फसवल्यासारखंच वाटलं.

रुपेरी पडदा हा शब्दही खरोखरच्या चंदेरी रंगावरून आला. जुन्या प्रोजेक्टरांचा उजेड बेताचा, म्हणून पडद्याला चकचकीत लेप द्यायचे. मलाही मोह झाला. एका तुकड्यावर चमचाभर चंदेरी मिसळून पाहिलं. मधोमध दिव्याचा लखलखीत गोळा आणि कडेच्या खुर्चीवर बसणाऱ्याला अंधार. कडेच्या खुर्चीवर सासूबाई बसतात. तो तुकडा टाकून दिला.

शेवटी तिसरा तुकडा नक्की केला. तिरक्या मापाने शंभर इंची पडदा म्हणजे 87 बाय 49 इंच. पुट्टी, 220 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, मग फोमच्या रोलरने तीन हात. वरून खाली, मध्ये न थांबता. नाहीतर कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावला की रोलरचा प्रत्येक पट्टा मैदानावर उमटतो. तीन हात झाले आणि सिनेमातली रात्र खरंच रात्रीसारखी पडली. घरात हे फक्त मला दिसलं.

पहिल्याच रविवारी भाच्याने चिवड्याचा हात डाव्या कोपऱ्यात पुसला. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर मॅटला चकाकी आली. डब्यात तळाला उरलेला रंग केव्हाच वाळून गेलेला, आणि पुन्हा तोच करडा करायचा तर किती थेंब काळा, किती पिवळा, हे मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. अंदाजाने घातला होता.

त्यामुळे आमच्याकडे कुठलाही सिनेमा लावा, डावीकडे खाली कोणाच्या तरी गुडघ्यावर एक डाग असतो.