स्क्रू सोडला तरी स्लो उतरेना

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवीन काम घ्यायचं नाही असा माझा नियम आहे आणि दरवर्षी तो मोडतोच. ह्या वेळी मोडायला आबा आले. फोनवर एवढंच म्हणाले, "मिस्त्री, सिग्नलला उभी केली की पळायला बघतीया. कावळा नाक्यावर लोकं माझ्याकडं बघाय लागली."

आबांची गाडी म्हणजे १९६९ ची ब्रिटिश एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची, स्टिअरिंग डावीकडं. त्यांच्या काकांनी मुंबईत वकिलातीतल्या एका अमेरिकन माणसाकडून घेतलेली. एक हजार सातशे अठ्ठ्याण्णव सीसी, चार सिलिंडर आणि डाव्या बाजूला दोन एसयू कार्ब्युरेटर, पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारे. चावी फिरवली की आधी मागनं पंपाची टकटक ऐकू येते, फ्लोट भरले की थांबते, मग स्टार्टर मारायचा. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही गाडी आली की शेजारच्या लेथवरची माणसं चहा हातात घेऊनच येतात.

आबांना दुसऱ्या दिवशी पूजा करून रंकाळ्याला एक फेरी मारायची होती, बास. "दसरा चौकात मेबॅक मोटार येती राजवाड्याची, आमची निदान दारातनं तरी निघू दे की."

गरम झाली की स्लो, म्हणजे पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग, मिनिटाला अठराशे फेऱ्यांवर. पाहिजे आठशेच्या आसपास.

आता कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम म्हणून येणाऱ्या निम्म्या गाड्यांत प्रॉब्लेम इग्निशनचा असतो, हे मला माझ्या उस्तादानं पाना फेकून मारून शिकवलंय. त्यामुळं कार्बला हात न लावता आधी ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंटची गॅप पंधरा थाउ, म्हणजे पंधरा हजारांश इंच, बरोबर. आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या की स्लोलाच ठिणगीचं टायमिंग पुढं पळतं आणि रेस खाली यायला मागत नाही, म्हणून त्यापण बघितल्या, ठीक. टायमिंग लाइट लावला, खूण जागेवर. डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बच्या डोक्यावरच्या तेलाच्या नळीत, मात्र कुणीतरी गिअर ऑइल घातलेलं. विचारलं तर आबांच्या पुतण्यानं व्हिडिओ बघून घातलं म्हणे. अरे त्या तेलाचा संबंध रेस देताना कार्बचा पिस्टन किती दमानं वर चढतो त्याच्याशी, स्लोशी काय देणंघेणं? पण व्हिडिओ बघितलेल्या माणसाला समजावणं हे बिनपगारी काम आहे.

मग हवा. इंजिन कुठनं चोरून हवा घेतंय का बघायला कार्ब क्लिनरचा फवारा मारायचा, जिथं मारल्यावर रेस बदलते तिथं गळती. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बपासून इंजिनात जाणाऱ्या नळाच्या, पॅकिंगवर मारला, काही नाही. ब्रीदरच्या पाइपांवर, काही नाही. स्पिंडलच्या, म्हणजे कार्बमधली हवेची चकती ज्यावर फिरते त्या दांडीच्या, दोन्ही टोकांना मारला, तिथं तर मला खात्रीच होती की काही नसणार कारण तीन वर्षांपूर्वी ते दोन्ही कार्ब मीच उघडलेले, स्पिंडल नवीन, बुश शेजारच्या लेथवर माझ्या डोळ्यांदेखत काढलेले. त्या कामाचा मला आजपण अभिमान आहे, म्हणजे होता. गेल्या वर्षी आबांनी गाडी पुण्याला एका मोठ्या गॅरेजला दिलेली, त्यांनी मॅनिफोल्डला बोटभर सिलंट फासून ठेवलेलं. त्यामुळं दुपारपर्यंत मी त्या पुणेकरांना मोठ्या आवाजात जे काही बोललो ते इथं लिहीत नाही.

आणि प्लग काढले तर चारीच्या चारी बिस्किटी रंगाचे. इथंच मी गंडलो. चोरून हवा जात असेल तर मिश्रण पातळ होणार, प्लग पांढरे पडणार. इथं मिश्रण झकास होतं, फक्त जास्त होतं.

दोन्ही कार्बचे स्लोचे स्क्रू पूर्ण सोडले, लिव्हरपासून सुटून हवेत. चोकच्या कॅमचा स्क्रू सुटा. केबल ढिली. बटरफ्लाय, म्हणजे ती हवेची चकती, बंद, आणि तरी इंजिन पंधराशेवर. कुणी पाय ठेवला नाही, कुणी दोरी ओढली नाही, आणि बाईसाहेब आपल्या आपण चालल्यात. एअर फिल्टर काढून दोन्ही तोंडांवर तळहात ठेवले, हात ओढला गेला आणि इंजिन गपकन बंद. म्हणजे दुसरीकडनं कुठनंच हवा येत नव्हती. जे जात होतं ते कार्बच्या तोंडातनं, बंद दारातनं.

संध्याकाळी सहाला कार्ब खाली काढले. बाहेर परतीचा पाऊस, लाइट जा-ये करत होती, बाकीची पोरं हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडत होती. पुढचा कार्ब हातात धरून ट्यूबलाइटसमोर नेला. बटरफ्लाय नीट मध्यावर बसला असेल तर कडेनं केसाएवढी उजेडाची गोल रेघ दिसते, सगळीकडं सारखी. ती दिसत होती. पण चकतीच्या आत, जिथं नुसतं पितळ असायला पाहिजे तिथं, एक छोटी कोर चमकत होती, बिजेच्या चंद्रासारखी. बोटानं दाबली तर मिटली, सोडली की पुन्हा उघडली.

त्या चकतीत एक बारका व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवर बसवलेला. अमेरिकेत १९६८ पासून धुराचे नियम आले तेव्हा तिकडं जाणाऱ्या गाड्यांना कंपनीनं हे बसवलं. उतारावर पाय काढला की मॅनिफोल्डमधली ओढ इतकी वाढते की सिलिंडरमध्ये जे काय थोडं जातं ते नीट पेटत नाही, कच्चं पेट्रोल धुरात जातं. तेव्हा ह्या व्हॉल्व्हनं उघडून थोडं मिश्रण आत सोडायचं. स्प्रिंग म्हातारी झाली की तो स्लोच्या ओढीलाच उघडतो. आणि तो पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या पुढं असल्यामुळं त्यातनं नुसती हवा नाही, तयार मिश्रण जातं. म्हणून प्लग बिस्किटी. म्हणून फवाऱ्याला उत्तर नाही. डावीकडचं स्टिअरिंग दिवसभर माझ्या नाकासमोर होतं, हेडवर अमेरिकन हवेच्या पंपाची भोकं बोल्ट मारून बुजवलेली होती, आणि मी पुण्याला शिव्या घालत होतो.

मी हे सगळं जरा रुबाबातच हाताखालच्या पोराला समजावत होतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, हे ते बटणच न्हवं?"

"कसलं बटण?"

"मागच्या खेपेला मी धूत हुतो, तवा तुमाला इचारलं, ह्या चकतीला मधी बटण कशाला. तुम्ही म्हणला, कंपनीचं असतंय, धुऊन ठेव."

तेव्हा तो नवीन होता, पंधरा दिवस झाले असतील. आणि मला आठवलं. नुसता प्रश्न नाही, बाकीचंपण. तेव्हा गाडी तयार झाल्यावर स्लो हजारावर बसला होता आणि मागच्या कार्बचा स्क्रू लिव्हरला जेमतेम टेकत होता. मी आबांना म्हणालो होतो, ट्विन एसयूचं असंच असतंय, जरा चढाच राहतोय.

पुढचं काम पटकन झालं. चकत्या काढल्या, शेजारच्या रेडिएटरवाल्याचं दुकान बंद होत होतं त्याला थांबवून दोन्ही व्हॉल्व्हच्या कडेनं झाळ मारून घेतली, कानसीनं साफ केलं नाहीतर चकती पूर्ण मिटत नाही. परत बसवताना स्क्रू अर्धवट आवळायचे, चकती दोनतीनदा टपकन बंद करायची म्हणजे ती आपली जागा आपण शोधते, मग घट्ट, मग स्क्रूची चिरलेली टोकं फाकवायची. हे टोक फाकवायला विसरलेला मिस्त्री मी बघितलाय, स्क्रू सुटून सिलिंडरमध्ये गेलेला. मग रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बच्या तोंडाशी, दोन्हीकडची फुसफुस सारखी येईपर्यंत. जेटचे नट दोन फ्लॅट, म्हणजे नटाच्या दोन बाजूंएवढे, खाली घेतले, हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं सेटिंग पातळ पडतं. साडेदहाला स्लो आठशेवर आला आणि स्क्रू लिव्हरवर नीट टेकून होता. इतकी शांत की पोरानं बॉनेटवर ठेवलेल्या ग्लासातला चहा हलत नव्हता. बरं, थोडा हलत होता.

सकाळी आबा हार घेऊनच आले. "काय झालंतं रं?"

"आतला एक व्हॉल्व्ह गेलेला," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. पोरगं तिथंच काच पुसत होतं, पुसतच राहिलं. मी फक्त झाळीचे पैसे सांगितले. आबांना वाटलं सणाचं म्हणून कमी घेतोय, त्यांनी दोन हजार पूजेच्या ताटात पान्याखाली सरकवले आणि रंकाळ्याकडं निघून गेले. कोपऱ्यावरच्या सिग्नलला उभी राहिली तेव्हा इथवर आवाज आला नाही.

रात्री आवरताना ते पैसे मी पोराच्या हातात ठेवले. तो म्हणाला, "कशाचं, दादा?"

मी म्हणालो, "ठेव."