०.३३ काही येईना

यंदा परभणीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी पृष्ठभागवाढीचं सिम्युलेशन दिलंय. प्रोग्राम अगदी छोटा. शून्यांची लांब ओळ घ्यायची (प्रत्येक शून्य म्हणजे एका रकान्याची सुरुवातीची उंची), कुठलाही एक रकाना निवडायचा, वरून कण सोडायचा. लाइटीचा भरवसा नसल्यामुळे टप्प्याटप्प्यावर फाइल सेव्ह करायची, एवढं मी बजावून सांगतो.

कण सरळ खाली जाऊन बसला, तर रकान्यांचा एकमेकांशी संबंधच नसतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा, म्हणजे रकान्यांच्या उंचीतला चढउतार, काळाच्या १/२ घातानं वाढतच राहतो. आता नियम एवढाच बदला: पडताना शेजारच्या रकान्याला जिथं पहिल्यांदा टेकेल, तिथंच कण चिकटेल. स्क्रीनवर पार वेगळं चित्र येतं. आडवे सुळके, त्यांच्याखाली कोंडलेल्या पोकळ्या. खडबडीतपणा आता सावकाश वाढतो आणि ओळीच्या लांबीवर ठरणाऱ्या पातळीला जाऊन थांबतो. फॅमिली आणि विचेक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार आलेखाच्या दोन्ही अक्षांच्या मोजपट्ट्या बदलल्या, की लहानमोठ्या ओळींचे आलेख एकावर एक बसतात. हे आपल्या हातानं बसवून बघावंच.

थांबण्याआधी खडबडीतपणा काळाच्या ज्या घातानं वाढतो, तो वाढीचा घातांक मात्र १/३ यायला हवा. कार्दार, पॅरिसी आणि झांग यांच्या १९८६ च्या समीकरणातून तो निघतो. त्यात उताराच्या वर्गाचं एक पद आहे, कारण वाढ पृष्ठभागाला काटकोनात होते. एका मितीच्या ओळीसाठी हाच घातांक पेशींच्या वसाहतीवरून सुचलेल्या ईडन मॉडेललाही लागू पडतो. ताकेउची आणि सानो यांना २०१० मध्ये तो द्रव-स्फटिकाच्या प्रयोगात दिसला. कण कुठला, चिकटतो कसा, याची निसर्गाला इथं फिकीर नाही. मला यापेक्षा सुंदर गोष्ट भौतिकशास्त्रात क्वचितच भेटली.

"सर, ०.३३ काही येईना. ०.३ पाशीच अडकतंय," विद्यार्थिनी म्हणाली.

तिचा प्रोग्राम बरोबर होता. त्या पोकळ्यांमुळे रकान्यांच्या उंचीत मोठमोठ्या उड्या पडतात, आणि लहान ओळीत त्यांचाच गोंगाट घातांकाला खाली ओढतो. मी म्हटलं, आकडा ओढूनताणून बसवू नकोस, आहे तसा लिही. सोबत किम आणि कॉस्टरलिट्झ यांचं मॉडेल चालव, जिथं शेजाऱ्यांच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक चालत नाही. तिथं पोकळ्याच नाहीत, १/३ लवकर दिसतो.

ओळीऐवजी सपाट जाळी घेतली, की अचूक उत्तर कुणाकडेच नाही, सिम्युलेशनच ०.२४ च्या आसपास सांगतं. पुढच्या सत्रात तेच घ्यायचंय. पायथॉन तिथं पुरणार नाही, सी मध्ये लिहायला आत्तापासूनच शिका.