अंतरपाटामागची कट क्रीज

गेल्या आठवड्यात लग्नाच्या मेकअपच्या ट्रायलला आलेल्या मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, डोळ्यांना असं मात्र नको हं. बाकी तुम्ही म्हणाल ते." फोटो तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नातला, २०१८ सालचा. डोळ्यांवर सोनेरी कट क्रीज, म्हणजे पापणीच्या घडीवर धारदार कमान कापून केलेला मेकअप. केलेली मीच. मी फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही डोळ्यांची कमान सारखी, कडा स्वच्छ, कुठे डाग नाही. आजही मला तो मेकअप सुंदरच वाटला.

सांगलीत विश्रामबागेत माझा छोटा स्टुडिओ आहे. २०१६ ते २०१९ या चार सीझनमध्ये दहा वधूंपैकी सात-आठ जणींना कट क्रीजच हवी असायची. त्या सोळा-सतरा सालीच अनास्तासिया या अमेरिकन ब्रँडचा मॉडर्न रेनेसाँ हा डोळ्यांच्या चौदा रंगांचा पॅलेट आमच्या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी होता. मी तो मुंबईहून मागवला आणि त्यातला सायप्रस अंबर हा गडद तपकिरी रंग तळ दिसेपर्यंत वापरला.

ज्यांनी कट क्रीज कधी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पापणीच्या घडीत तपकिरी रंग भरायचा आणि वरच्या बाजूला तो इतका विरवत न्यायचा की कुठे संपला ते कळू नये. मग पापणीवर कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमचा, पातळ थर लावायचा आणि नवरीला म्हणायचं, "मान न हलवता वर बघ." ती वर बघते तेव्हा घडीचा ठसा आपोआप वर उमटतो. तीच आपली रेघ. चपट्या ब्रशने त्या ठशावरून कमान कापत जायची, खालचा सगळा रंग झाकायचा, लगेच पावडरने बसवायचं आणि वर बोटाने शिमर दाबायचा. खाली फिकी चमकती पापणी, वर गडद सावली आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी धार, म्हणून कट क्रीज. दोन डोळ्यांना मला चाळीस मिनिटं लागायची. त्या वेळात मी कुणाशी बोलत नसे.

ही काही इन्स्टाग्रामची निर्मिती नव्हे. लंडनची मॉडेल ट्विगी हिचे १९६६ चे फोटो बघा, घडीवर काळी रेघ स्पष्ट दिसते. पुढे ती जपली ड्रॅग कलाकारांनी, म्हणजे भडक मेकअप करून स्त्रीवेषात स्टेजवर येणाऱ्या कलाकारांनी. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत डोळा पोचायचा तर घडी खऱ्या जागेपेक्षा वर रंगवावी लागते. अमेरिकेत २००९ पासून ड्रॅगची स्पर्धा टीव्हीवर लागायला लागली, यूट्यूबवर मुली शिकवायला लागल्या आणि ती रेघ आमच्या मंगल कार्यालयांपर्यंत आली.

आपल्याकडे ती इतकी का रुजली याचं माझं उत्तर आहे अंतरपाट. मंगलाष्टका चालू असताना नवरी खाली बघत असते. मुंडावळ्या, नथ आणि मिटत आलेल्या पापण्या. कट क्रीज पूर्ण दिसते ती डोळा मिटल्यावरच. फोटोग्राफर नेमका तोच क्षण टिपायचे आणि अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो असायचा.

मग वारं फिरलं. डिसेंबर २०१७ मध्ये इटलीत अनुष्का शर्माचं लग्न झालं. फिकट गुलाबी लेहंगा आणि डोळ्यांवर जेमतेम रंग. आमच्याकडे त्याचा परिणाम दिसायला दीड-दोन वर्षं गेली. नंतर कोरोना. एप्रिल २०२१ मध्ये तर राज्यात पंचवीस माणसांत, दोन तासांत लग्न उरकायचा नियम होता. घरच्या हॉलमध्ये, खिडकीच्या उजेडात इतका जड डोळा कोण करून घेणार? पण मला विचाराल तर खरं कारण व्हिडिओ. फोटोत पापणी थांबलेली असते. रीलमध्ये ती उघडझाप करते, नवरी हसते, रडते आणि वर रंगवलेली खोटी घडी खऱ्या घडीपासून सुटी दिसायला लागते. २०२२ ला आलिया भट्टचं लग्न झालं तोवर माझ्याकडे कट क्रीज मागणारं कुणी उरलं नव्हतं.

तिच्यात दोष होतेच. वैशाखातल्या एका लग्नात माझा कन्सीलर जाड लागला. मुहूर्त पार पडला, पण जेवणाच्या पंगतीपर्यंत घामाने घडीत भेगा पडल्या आणि जोडप्याचे फोटो अजून व्हायचे होते. त्या मुलीला मी वधूपक्षाच्या खोलीत बसवून डोळे पुसून परत केले. तिने एका शब्दाने बोल लावला नाही. मला मात्र ते आजही लागतं.

तरीही माझ्या क्लासमध्ये मी ती पहिल्या महिन्यातच शिकवते. मुली विचारतात, आता कोण करतं हे? मी त्यांना एकमेकींच्या पापण्या बघायला लावते. कुणाची घडी खोल, कुणाची अर्ध्यातच संपणारी, कुणाचे दोन डोळे दोन तऱ्हेचे. सॉफ्ट मेकअपमध्ये चूक विरवून टाकता येते, कट क्रीजमध्ये लपायला जागा नाही. डोळा वाचायला मी तिच्यामुळे शिकले.

आणि ती अजून उपयोगाला येते. त्याच ट्रायलच्या मुलीची आई सोबत होती, साठीच्या जवळ आलेली. पापण्या वरून उतरून घडीवर आलेल्या. लेकीचं झाल्यावर हळूच म्हणाली, "माझे डोळे जरा मोठे दिसतील असं काही करता येतं का गं?" मी त्यांना खुर्चीत बसवलं. घडी होती तिच्यापेक्षा चार केस वर घेतली, साधा मॅट तपकिरी, चमक अजिबात नाही. आतल्या कोपऱ्यापासून अर्ध्यापर्यंतच कन्सीलरने कापलं आणि कड बोटाने मोडली.

"काकू, आता सरळ बघा."

त्यांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. मग लेकीला म्हणाल्या, "माझ्या लग्नातला फोटो आहे ना भिंतीवर, त्यात असेच आहेत बघ."

लेक वाकून आईच्या पापण्या जवळून बघत होती. "ताई, याला काय म्हणतात?"


मी नाव सांगितलं.