नवऱ्याचा रिपोर्ट

गरोदर बाईचं रक्त मिळवणं अवघड नसतं. ती नाव नोंदवायला येते तेव्हा एचआयव्ही, शुगर, थायरॉइडच्या नळ्यांबरोबर आणखी एक नळी भरून घेतली की झालं. पुण्यातल्या ज्या रुग्णालयात मी समुपदेशक आहे तिथे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी अशीच होते. घोडं अडतं ते नवऱ्याच्या रक्तापाशी.

त्या सोमवारी समोर बसलेल्या मुलीला ११ आठवडे झाले होते. हिमोग्लोबिन ९.६. आधीच्या दवाखान्यात 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या दिलेल्या. पण तांबड्या पेशी फारच लहान होत्या, एमसीव्ही म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान ६५. आणि एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार होता ५.४ टक्के, जो साडेतीनच्या आत हवा. म्हणजे थॅलेसेमिया मायनर, आजाराची नुसती वाहक. मायनरला औषध लागत नाही, आयुष्य नेहमीसारखं जातं. मात्र नवराही मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के. मेजर बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोज औषध.

सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हिच्यातच खोट आहे. मग माझ्या पोराला कशाला टोचताय?"

मुलगी खाली बघत राहिली. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही.

नवऱ्याला फोन लावला. तो चाकणच्या कंपनीत पहिल्या पाळीला होता. "मॅडम, मी दरवर्षी शिवजयंतीला रक्तदान करतो. मला काही असतं तर त्यांनी घेतलं असतं का? आणि नेटवर तर हे सिंधी, पंजाबी लोकांत असतं असं दिलंय."

रक्तदानाचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण रक्तपेढी हिमोग्लोबिन बघते, संसर्ग तपासते; एचबीए-२ मोजत नाही. आणि काही समाजांत प्रमाण जास्त असलं, तरी भारतात एकूण तीन ते चार टक्के लोक वाहक आहेत, सगळ्या जातीधर्मांत. हे त्याला सांगितलं, पण तो आला तो बहुधा बायकोच्या आवाजामुळे. तिने फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, "या ना."

पाळी सुटल्यावर नाशिक फाट्याची गर्दी पार करून तो पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. लॅबच्या ताई थांबल्या होत्या. सीबीसी हातात आलं : हिमोग्लोबिन १२.९, एमसीव्ही ६४, तांबड्या पेशी ६२ लाख. पेशी लहान आणि संख्येने भरपूर, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र नव्हे. दोन दिवसांनी एचबीए-२ मोजणाऱ्या एचपीएलसी चाचणीने तोही मायनर असल्याचं शिक्कामोर्तब केलं.

सासूबाईंनी विचारलं, "हे येतं कुठून?" आईकडून नाहीतर बापाकडून, मी म्हटलं. त्याचे वडील हयात नव्हते. सासूबाईंनी काही न बोलता बाही वर केली. त्याही मायनर निघाल्या.

पुढचं काम घाईचं होतं. आधी दोघांच्या जनुकांतला नेमका बदल शोधायचा, मग वारेचा नमुना घेऊन बाळात तो आहे का पाहायचं. बाळ मायनर निघालं. गरोदरपण पुढे चालू राहिलं.

सासूबाईंना आता वेगळीच काळजी लागली होती. धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं. "तपासलं आणि निघालं, तर मोडेल ना?"

पत्रिकेआधी रक्त जुळवा, अशा धर्तीच्या घोषणा मला म्हणूनच आवडत नाहीत. त्यातून बायांना एवढंच कळतं की मुलगी नाकारायला आणखी एक कारण मिळालं. सायप्रसमध्ये लग्नाआधी ही तपासणी होते. तिथे मेजर बाळांचे जन्म जवळपास थांबले, पण दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोड्यांनी लग्नं मोडली नाहीत. गर्भाची तपासणी करून घेतली. मी सासूबाईंना म्हटलं, मुलगी मायनर निघाली तर मुलाला तपासा, आणि तोही निघाला तर दोघांना माझ्याकडे पाठवा.

मुलगी निघाली. होणारे जावई नॉर्मल.

परवा सासूबाईंचा फोन होता. बार्शीला भावाची दोन मुलं लग्नाची आहेत, त्यांचं रक्त तिथेच काढून पुण्याला पाठवता येईल का, असं विचारत होत्या. येतं, म्हटलं, आणि भावाचंही घ्या.